खोका वाचा, मग पैसे मोजा

पुसेगावच्या जत्रेत बैल घ्यायला गेलेला माणूस काय करतो? आधी बैलाचे तोंड उघडून दात बघतो. दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळलेला आहे, ते पारखतो. मग बैलाला चालवून बघतो. काही खोड आहे का, ते विचारतो. व्यापारी तोंडाने काय सांगतो त्यावर विसंबून राहत नाही. एवढे सारे झाले, की मग सौदा.

आता तोच माणूस दाढीचे यंत्र घ्यायला वडूजच्या दुकानात जातो. तिथे तो काय करतो? खोक्यावरचे चित्र बघतो. किंमत विचारतो. थोडी घासाघीस करतो आणि खोका पिशवीत टाकून घरी येतो. खोक्यावर चारी बाजूंनी लिहिलेले असते. ते मात्र तो वाचत नाही.

का वाचत नाही? "आपल्याला कुठं वाचता येतंय?" ही जुनी सवय. मंडळी, ती सवय आता सोडायची. आता तुम्हांला अक्षर कळते, आकडा कळतो. मग पैसे देताना त्याचा उपयोग नको का करायला?

बाजारात या यंत्राला ट्रिमर म्हणतात. आम्हीही पुढे ट्रिमरच म्हणू. बायाबापड्यांनीही हा धडा वाचावा. दाढी पुरुषाची असली, तरी पैसा घराचा असतो.

ट्रिमर म्हणजे काय?

पूर्वी गावात न्हावीदादा धोकटी घेऊन दारी येत. धोकटीत वस्तरा, कातर, कंगवा, नराणी, वाटी आणि आरसा असे. वर्षभर हजामत करायची आणि सुगीला बलुते न्यायचे, अशी रीत होती. पुढे दुकाने झाली. वस्तऱ्याच्या जोडीला पाते आले. आणि मग विजेचे यंत्र आले.

हे यंत्र तसे आजचे नव्हे. १९१९ साली अमेरिकेत लिओ वॉल नावाच्या माणसाने विजेवर केस कापायचे हातयंत्र तयार केले. १९३१ साली तिथल्याच जेकब शिक यांनी दाढी करायचे विजेचे यंत्र बाजारात आणले. आता ते लहान झाले, बॅटरीवर चालू लागले आणि आपल्या घरांत आले.

ट्रिमरच्या तोंडाशी दोन दातेरी पाती असतात. एक पाते जागचे हलत नाही. दुसरे डावी-उजवीकडे भराभर सरकते. केस दातांच्या फटीत सापडतो आणि कापला जातो. कातरीत होते, तेच इथे होते. म्हणजे ट्रिमर ही बारीक कातर आहे. तो वस्तरा नव्हे. वस्तरा कातडीला भिडून केस काढतो. ट्रिमर कातडीच्या किंचित वर केस कापतो. म्हणून ट्रिमर कितीही दाबून फिरवला तरी बारीक खुंट राहतातच.

हे न कळल्यामुळे पुष्कळांचा पैसा वाया जातो. गुळगुळीत दाढी होईल म्हणून ट्रिमर आणतात. हाताला खुंट लागले, की म्हणतात, "यंत्र खराब निघालं." यंत्र खराब नसते. आपली निवड चुकलेली असते.

आधी स्वतःला विचारा

दुकानात जाण्याआधी घरीच विचार करावा. आपल्याला काय हवे आहे?

दाढी गुळगुळीत हवी असेल, तर आपला साधा रेझर बरा. दाढी राखायची आणि ती सारखी ठेवायची, कल्ले आणि मिशा नीट कोरायच्या, असे असेल तर ट्रिमर घ्यावा. घरात पोरांचे डोक्याचे केस कापायचे असतील, तर त्याला रुंद पात्याचे, जरा जड यंत्र मिळते. त्याला क्लिपर म्हणतात. दाढीच्या लहान ट्रिमरने डोके कापायला गेलात, तर वेळ जाईल आणि यंत्रही लवकर झिजेल.

आणखी एक. ज्यांना साखरेचा आजार आहे, किंवा रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना वस्तऱ्याची जखम त्रासाची ठरते. साखर असली, तर जखम लवकर भरत नाही. गोळ्या चालू असल्या, तर रक्त लवकर थांबत नाही. अशांना ट्रिमर बरा, कारण त्याने खोल कापत नाही.

आपल्या माण-खटावाच्या दुष्काळी मुलखात ट्रिमरची आणखी एक सोय आहे. कोरड्या दाढीवर तो चालतो. त्याला साबण लागत नाही आणि वाटीभर पाणीही लागत नाही. केस पडतील तिथे जुना कागद अंथरला की झाले.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर बहुतेक मजकूर इंग्रजी असतो. त्याला भिऊ नका. सगळे वाचायची गरज नाही. आकडे ओळखले तरी निम्मे काम होते. इंग्रजी आकडे तुम्ही रोज बघता. एस.टी.च्या तिकिटावर, विजेच्या बिलावर, फोनवर तेच आकडे असतात.

पहिला आकडा मिलिमीटरचा. ट्रिमरवर कंगवा बसवतात. कंगवा ३ वर ठेवला, की दाढी ३ मिलिमीटर राहते. १० वर ठेवला, की १० मिलिमीटर राहते. दाढी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे १० मिलिमीटर वाढते. म्हणजे तीन दिवसांत एक मिलिमीटर धरा. खोक्यावर "२० प्रकारच्या लांबी" असे लिहिलेले असते. पण आपण रोज वापरणार एक किंवा दोन. तेव्हा २० च्या आकड्याला भुलू नका. आपल्याला हवी ती लांबी त्यात आहे का, एवढेच बघा.

दुसरा आकडा मिनिटांचा. एकदा चार्ज केल्यावर यंत्र किती मिनिटे चालते, ते यावरून कळते. एका दाढीला दहा मिनिटे लागतात असे धरा. मग ४५ मिनिटांत चार दाढ्या होतात. एका माणसाला एवढे पुष्कळ झाले.

तिसरा आकडा चार्जिंगच्या वेळेचा. काही यंत्रांना ८ तास लागतात, काहींना एक-दोन तास. आपल्याकडे वीज येते-जाते. तेव्हा लवकर चार्ज होणारे बरे. लिथियमची बॅटरी असेल, तर ती बहुधा लवकर चार्ज होते. नुसती पडून राहिली, तरी तिच्यातली वीज लवकर उतरत नाही.

चौथी खूण पाण्याची. खोक्यावर नळाचे चित्र असते. नळाचे चित्र असले, म्हणजे सगळे यंत्र धुता येते असे नव्हे. कधी कधी फक्त पात्याचा भाग सुटा करून धुवायचा असतो. काही खोक्यांवर "आयपीएक्स" या अक्षरांपुढे आकडा असतो. ७ चा आकडा असेल, तर यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी शिरू नये, अशी त्याची परीक्षा झालेली असते. ५ चा आकडा असेल, तर नळाखाली धरता येते, पण बादलीत बुडवायचे नाही. काहीच लिहिलेले नसेल, तर पाणी लावूच नका. ब्रशने झाडा.

पाचवी गोष्ट किंमत. "एम.आर.पी." या तीन अक्षरांपुढे जो आकडा असतो, त्यात कर धरलेला असतो. त्याहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही. कमी मात्र घेता येतो. शिवाय माल कोणी बनवला किंवा परदेशातून कोणी आणला, त्याचे नाव आणि पत्ता, महिना व साल, तक्रारीसाठी फोन नंबर, हे सारे खोक्यावर छापलेले असलेच पाहिजे. तसा कायद्याचा नियम आहे. ज्या खोक्यावर नाव नाही, पत्ता नाही, तो फुकट दिला तरी विचार करावा.

सहावी खूण मानक चिन्हाची. यंत्राबरोबर चार्जर येत असेल, तर त्याच्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह शोधा. चिन्हाखाली "आर" या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. "बीआयएस केअर" नावाचे सरकारी ॲप फोनमध्ये घेऊन त्यात हा नंबर घातला, की नोंदणी खरी आहे का आणि कोणाच्या नावावर आहे, ते दिसते. पोराला सांगा, तो दोन मिनिटांत बघून देईल. काही ट्रिमरबरोबर चार्जर येतच नाही, नुसती वायर येते. तेही आधी विचारून घ्या, आणि घरचा कोणता चार्जर चालतो ते पुस्तिकेत बघा.

दुकानात कसे बोलावे

समजा, तुम्ही दुकानात उभे आहात.

"या पावणं, काय दाखवू?"

"दाढीचा ट्रिमर दाखवा, शेठ."

"हा घ्या. लई भारी. दोन तास चालतो. पाण्यात बुडवला तरी काय होत नाही. दोन वर्षं बघायला नको."

"बरं. ह्यातलं खोक्यावर कुठं काय लिवलंय, तेवढं बोट ठेवून दाखवा की."

दुकानदार चष्मा लावतो. खोका फिरवतो.

"हे बघा, मिनिटं. साठ."

"साठ म्हंजे एक तास झाला, शेठ. आणि पाण्याचं?"

"हां... नुसतं पातं काढून धुवायचं, असं दिसतंय."

"आणि दोन वर्षांचं?"

"हमी एक वर्षाची हाय, पावणं."

"मग आता बोलू भावाचं."

हा दुकानदार लबाड नाही. माल आणून देणाऱ्याने जे सांगितले, तेच त्याने पुढे सांगितले. त्यानेही खोका वाचला नव्हता. तुम्ही विचारले म्हणून दोघांनाही खरे कळले. यात भांडण झाले नाही की कोणाचा अपमान झाला नाही. तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो. छापलेला शब्द जागेवर राहतो. उद्या तक्रार करायची वेळ आली, तर छापलेलाच शब्द कामाला येतो.

सवलतीचा हिशेब

दुकानात किंवा फोनवर पाटी असते, "२,९९९ चा माल ५९९ ला!" माणूस हरखतो. २,४०० रुपये वाचले म्हणतो. अहो, वाचले कुठे? खिशातून ५९९ गेलेच की! मूळ किंमत किती छापली, त्याला महत्त्व नाही. आपण किती देतो आणि काय मिळते, ते बघा.

आम्ही एक सोपा हिशेब सांगतो. किंमत घ्या. लेखी हमी किती महिन्यांची आहे ते बघा. किमतीला त्या महिन्यांनी भागा.

समजा, एक ट्रिमर ४८० रुपयांचा आहे. हमी ६ महिन्यांची.
४८० भागिले ६ म्हणजे ८०. महिन्याला ८० रुपये पडले.

समजा, दुसरा ट्रिमर १,२०० रुपयांचा आहे. हमी २४ महिन्यांची.
१,२०० भागिले २४ म्हणजे ५०. महिन्याला ५० रुपये पडले.

आता सांगा, स्वस्त कोणता? वरून ४८० चा स्वस्त दिसतो. हिशेबाने १,२०० चा स्वस्त पडतो. अर्थात महाग ते चांगलेच, असेही नाही. १,८०० रुपयांच्या यंत्राला १२ महिन्यांचीच हमी असेल, तर महिन्याला १५० रुपये पडले. म्हणून प्रत्येक वेळी भागाकार करावा.

पात्यावर सोनेरी रंग असतो आणि "टायटॅनियम" असे लिहिलेले असते. बहुधा तो वरचा पातळ मुलामा असतो. सारे पाते त्या धातूचे नसते. त्यापेक्षा विचारा, "ह्याचं नवं पातं वेगळं मिळतं का? कंगवा मोडला तर मिळतो का?" ज्याचे सुटे भाग मिळतात, ते यंत्र घरात टिकते.

आणखी एक युक्ती. आपल्या नेहमीच्या न्हावीदादांना विचारा. त्यांच्या हातात रोज यंत्र असते. कोणते गरम होते, कोणते केस ओढते, ते त्यांना ठाऊक असते. ट्रिमर घेतला म्हणून त्यांचे काम सुटत नाही. डोक्याचे केस आणि लग्नाकार्याची दाढी त्यांच्याच हातची शोभते.

ज्याचा त्याने वापरावा

हा भाग नीट वाचा. यात पैशांहून मोठी गोष्ट आहे.

दाढी करताना कातडीला बारीक चीर पडते. कधी ती डोळ्यांना दिसतही नाही. तिच्यातून आलेले रक्त पात्याला लागते. ज्याला "ब" प्रकारची कावीळ आहे, त्याच्या रक्तातले विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतात. तेच पाते दुसऱ्याच्या कातडीवर फिरले, तर रोग त्याच्याकडे जाऊ शकतो. "क" प्रकारची कावीळही रक्तातूनच पसरते. ट्रिमरने वस्तऱ्यापेक्षा कमी कापते, पण कधी चिमटा बसतोच. आणि नायटा, पुळ्या यांना तर रक्तही लागत नाही. नुसत्या कंगव्यावरून आणि पात्यावरून ते एकाचे दुसऱ्याला होतात.

म्हणून भाऊ-भाऊ असोत, बाप-लेक असोत, ट्रिमर ज्याचा त्याचा असावा. दोघांत एक घेणे भागच असेल, तर प्रत्येक वेळी केस झाडावेत. धुता येत असेल तर पाते धुवावे. स्पिरिटने पुसून कोरडे होऊ द्यावे. स्पिरिट लावताना यंत्र बंद असावे आणि जवळ विस्तव नसावा. कोणाला नायटा किंवा पुळ्या असतील, तर त्याचे यंत्र दुसऱ्याने घेऊच नये. दुकानात दाढी करायला बसलात, तर न्हावीदादांना सांगावे, "नवं पातं घाला." चांगला कारागीर रागावत नाही. तो तुमच्या समोरच पाकीट फोडतो.

बॅटरीची काळजी

ओले यंत्र चार्जिंगला लावू नये. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. चार्ज झाले की काढावे, रात्रभर लावून ठेवू नये. बॅटरी फुगली किंवा यंत्र फार तापू लागले, तर वापर थांबवावा. जुनी बॅटरी चुलीत किंवा उकिरड्याच्या जाळात टाकू नये. ती फुटते. पात्याला तेलाचा थेंब द्यायचा की नाही, ते बरोबरच्या पुस्तिकेत असते.

फसगत झाली तर

यंत्र घेताना पावती घ्याच. पावतीवर दुकानाचे नाव, तारीख, मालाचे नाव आणि रक्कम हवी. हमीपत्र असेल, तर त्यावर दुकानाचा शिक्का घ्या. फोनवरून माल मागवला असेल, तर पाकीट फोडताना मोबाईलवर चित्रण करा.

माल खराब निघाला, तर आधी दुकानात जा. मग खोक्यावरच्या नंबरवर फोन करा. तरी दाद लागली नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येते.

ही सोय आपोआप झालेली नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. गिऱ्हाइकांनी एकजुटीने आवाज उठवला. १९८६ साली ग्राहकांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्या जागी नवा कायदा २०१९ साली झाला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्याने माणूस जिथे राहतो, तिथल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. माल मुंबईहून आला असला, तरी खटाव तालुक्यातल्या माणसाने साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी. आणि हातात पावती हवी.

उजळणी

१. ट्रिमरने दाढी गुळगुळीत का होत नाही?

२. एक ट्रिमर ९०० रुपयांचा आहे. हमी १२ महिन्यांची आहे. दुसरा १,०८० रुपयांचा आहे. हमी २४ महिन्यांची आहे. महिन्याच्या हिशेबाने कोणता स्वस्त?

३. एकाचा ट्रिमर दुसऱ्याने का वापरू नये?

४. साताऱ्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करायला कोणता कागद हवा?

५. घरातली कोणतीही एक खोक्यातली वस्तू घ्या. बॅटरी घ्या, बल्ब घ्या, नाहीतर चहाचा पुडा घ्या. त्यावर किंमत, महिना व साल, बनवणाऱ्याचा पत्ता आणि तक्रारीचा नंबर शोधा. चारही गोष्टी वहीत लिहून वर्गात आणा.